बुटकी चाकं

२ मार्च

तारीख चिमणीने घातली. दैनंदिनीला आधी तारीख लागते म्हणे. म्हटलं, घाल बाई, तुला आवडेल ती घाल. मला कुठे वाचून बघायची आहे. चिमणी म्हणजे माझी नात. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, म्हणून मी बोलायचं नि तिने लिहायचं असं ठरलंय. हात गुंतला की तोंड बंद राहील, हा माझा डाव. तिचा डाव निराळा. मधमाश्यांचं मला जे कळतं ते सगळं कागदावर उतरवून घ्यायचंय तिला, मी जायच्या आत. हे ती बोलत नाही, मी बोलते. डोळे काय मोठे करतेस, लिही.

आजचा दिवस वाईट गेला. घरामागे चिमणीने मधमाश्यांच्या पेट्या मांडल्यात. हे काम तिच्या आजोबांचं. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही, आता हिने उचललं. बागेला फुलोरा आला की पेट्या बागेत नेऊन ठेवायच्या, माश्या फुलाफुलावर फिरतात, फळ चांगलं धरतं, बागवाला भाडं देतो. पलीकडच्या डोंगराखाली मोठी सफरचंदाची बाग आहे, मालकीण बाई आहे, करारी. तिने सांगितलं होतं, आधी नमुन्याला थोड्या पेट्या आणा.

पेट्या गेल्या नातवाच्या पिकअपमधून. नातवाला आम्ही हिरो म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं. पिकअप घेतल्या घेतल्या त्याने मूळची चाकं काढून ही एवढाली चकचकीत चाकं बसवली, ती मावावीत म्हणून गाडीखाली ठोकळे घालून गाडीही उचलली. आता ती दिसते घोड्यासारखी नि चालते उखळातल्या मुसळासारखी. वाटेत अशी आदळली की चौकटींतली नवी पोळी तुटून खाली आली. मध सांडला, माश्या त्यातच चिकटल्या, एका पेटीतली राणी चेंगरली. परत आल्यावर मी पेटीला कान लावला. राणी असलेली पेटी गुणगुणते. राणी गेलेली पेटी कण्हते. ही कण्हत होती.

बागवाली बाई म्हणाली, "कळ्या फुटायला लागल्यात. बाग उमलेल त्या दिवशी धडधाकट पेट्या आल्या तर तुमच्या, नाहीतर मी दुसऱ्याला बोलावते."

चिमणी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "आजी, तू सोबत असतीस तर वाटेतच ऐकून कळलं असतं तुला."

मी? त्या गाडीत? मागे एकदा हिरोने मला पोत्यासारखं उचलून आत ठेवलं होतं. अख्ख्या गल्लीने बघितलं. तेव्हाच सांगितलं, पुन्हा म्हणून नाही. मला काय, मला कुठे जायचंय? माझं घरात बरं आहे.

३ मार्च

कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. म्हणजे हिरो गाडीतून, आणि मी नि चिमणी पायी. मालकाला सगळे टायरमामा म्हणतात. पोट टायरसारखं, आणि हवाही भरपूर. बोलायला लागला की थांबत नाही.

"आजी, तुम्हाला म्हणून सांगतो," तो म्हणाला, "रबर म्हणजे गादी. मधली लोखंडी रिम जेवढी मोठी, तेवढी वरची गादी पातळ. ह्याने वीसची रिम घातलीये. रबर उरलं किती? पापडाएवढं. खड्डा लागला की धक्का सरळ पेटीत."

मी म्हटलं, "म्हणजे ह्याने गादी विकून पलंग मोठा केला."

टायरमामा इतका हसला की हातातली नळी सुटली. हिरोचं तोंड मात्र कारल्यासारखं.

"लहान चाकं घाल," टायरमामा म्हणाला. "गाडीची मूळची होती तशी. सोळाची."

"सोळा? मामा, सोळावर गाडी कशी दिसेल माहितीये? मित्र काय म्हणतील?"

"मित्र पोळ्यांत बसतात का तुझे?" चिमणी फटकन बोलली. त्याला असं पहिल्यांदाच सुनावलं तिने. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

हिरो गाडीभोवती फिरला, आजारी माणसाला बघावं तसं. चाकांच्या मोठ्या फटींतून आत लाल रंगाचं काहीतरी दिसतं, ते ब्रेक. तेही त्याने शहरातून मुद्दाम मोठे बसवून घेतलेत, लोकांना दिसावेत म्हणून. चाकाच्या पोटातलं लोकांना दाखवायचं! आमच्या वेळी आतलं झाकून ठेवत.

एक गंमत सांगायची राहिली. टायरच्या बाजूला रबरातच आकडे उठवलेले असतात. बोटाने चाचपले तर लागतात. टायरमामा म्हणाला, मापातले शेवटचे दोन बघायचे, तो रिमचा आकडा. वीस म्हणजे बदक आणि त्याच्यापुढे अंडं. सोळा म्हणजे काठी आणि गोगलगाय. मी दुकानातले सगळे टायर चाचपून आले. हात काळेकुट्ट. सून ओरडली, "आई, हे काय!" म्हटलं, शाळेत गेले होते.

५ मार्च

हिरो रुसलाय. रुसला की गाडी पुसतो. सकाळपासून दोनदा पुसून झाली.

दुपारी स्वयंपाकघरात आला. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होते. सुनेने मला बंदी केलीये, पण ती बाहेर गेली होती. मला वाटलं हाही ओरडणार. तर हा नुसता उभा राहून माझ्या पायांकडे बघतोय.

"आजी, स्टुलावर चढताना गुडघा दुखतो?"

"नाही."

"आणि मागच्या ओट्यावर?"

"ओटा उंच आहे. तिथे भिंत धरावी लागते. का रे, वैद्यकी शिकतोयस?"

टेप आणून स्टुलाची उंची मोजली आणि मी उतरल्यावर स्टूलच घेऊन गेला. पोरगं चाकांच्या विरहात खुळावलंय. बहुतेक पेट्यांखाली ठेवायला तसली स्टुलं बनवणार असेल.

चिमणे, हसायला काय झालं? लिही.

७ मार्च

आज घरात नुसता आनंद! हिरो सकाळी उठला नि म्हणाला, "ठरलं. लहान चाकं." माझा विश्वास बसेना. कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

त्याच्या एका मित्राला वीसची चाकं कधीपासून हवी होती. तो धावत आला, संध्याकाळी घेऊनही गेला. जाताना हिरोने एका चाकावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं. टिंगल करायच्याही वेळा असतात.

टायरमामाने सोळाची चाकं मागवून ठेवलीच होती. गाडी दुकानात उचलून घेतली, ठोकळे काढले, आणि आधी एक चाक बसवून बघू म्हणाला. पुढून बघू की मागून? मी तिथेच खुर्चीवर होते. मी म्हटलं, "अरे, माश्या मागे बसणार. मागचं बघा." सगळ्यांना पटलं. मागचं चाक लावलं. असं गपकन बसलं, बरणीला झाकण बसावं तसं! चिमणी उड्या मारायला लागली. टायरमामाने विचारलं, "पुढचंही बघू का?" मी म्हटलं, "गाडी एकच आहे ना? मग पुढचं काय वेगळ्या गावचं? उद्या लाव. आता चहा सांग."

चहा झाला. मजा आली. मला दुकानात माझी खुर्ची मिळालीये.

८ मार्च

पुढचं बसलं नाही.

ते लाल ब्रेक. हिरोने हौसेने बसवलेले, फक्त पुढे. सोळाच्या चाकाच्या पोटात ते मावतच नाहीत. टायरमामाने तिरकं करून बघितलं, सरळ करून बघितलं, हिरो म्हणाला जोर लावू, टायरमामा म्हणाला डोकं लाव. जुने ब्रेक केव्हाच भंगारात गेले. वीसची चाकं मित्राच्या गाडीला लागली, आणि तो ती लावून कुठे लांब फिरायला गेलाय.

गाडी दुकानात उभी आहे. मागे नवी लहान चाकं, पुढे काहीच नाही, खाली टेकूला लोखंडी घोडे. कुणीतरी पाया पडायला वाकावं तशी दिसते.

आणि बागवाल्या बाईचा निरोप आला. कळ्या लाल झाल्यात, म्हणजे उमलायला आता थोडेच दिवस.

९ मार्च

चूक माझी. लिही, चिमणे, गाळू नकोस. मी सुनेकडून वाचून घेईन.

मामा पुढचं बघू म्हणत होता. मीच नको म्हटलं. टोपणाचं माप बरणीच्या तोंडावर घ्यायचं असतं, बुडावर नाही, हे मला कळू नये? आयुष्यभर बरण्या भरल्या. पण सगळे माझं ऐकत होते, खुर्ची दिली होती, चहा होता. माझं डोकं वर गेलं.

कुणी मला बोललं नाही. हिरो नाही, चिमणी नाही. हिरो तर म्हणाला, "ब्रेक माझे होते, आजी. मीच विसरलो." असं गोड बोलला की आणखीच वाईट वाटलं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आणि जेवण गेलं असतं.

पेट्यांजवळ जाऊन बसले. माश्या घरी परतत होत्या, पायांना पिवळे परागाचे गोळे. त्यांना काय ठाऊक, त्यांचा प्रवास एका म्हातारीच्या तोंडामुळे अडलाय.

११ मार्च

टायरमामा स्वतः घरी आला! वळचणीलाच ओरडला, "आजी, सतरा!"

सोळा बसत नाही, वीस नको, तर मधलं सतरा. ते ब्रेकवरून जातं, आणि गादीही पुरेशी राहते. बसवलेली सोळाची चाकं त्याने तोंड वाकडं करून परत घेतली. मी लगेच चपला घातल्या. ह्या वेळी मी खुर्चीवर बसलेच नाही.

दुकानात सतराच्या रिमवर दोन प्रकारचे टायर दाखवले. एक उंच, जाड, गुबगुबीत. दुसरा जरा बुटका. भार दोन्ही पेलतात. मी बोटांनी आकडे बघितले. काठी आणि कोयता! दोन्हींवर काठी आणि कोयता. मी मोठ्याने म्हटलं, "सतरा!" आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाने मान वळवून बघितलं. वाटलं असेल म्हातारी शिकलेली आहे.

आता उंच की बुटका? मला तर उघडच दिसत होतं. म्हटलं, "उंच घे. गादी जाड. तूच शिकवलंस ना मामा?"

हिरो म्हणाला, "बुटका."

"अरे, उंच मऊ असेल."

"थोडा असेल. बुटका घ्यायचा."

"का पण?"

"पेट्या चढवायला सोपं जातं," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला. ज्याने गाडी उंच दिसावी म्हणून ठोकळे घातले, तो आता बुटक्यासाठी भांडतोय! मी टायरमामाकडे बघितलं. हा बडबड्या माणूस, पण आता नटच पुसत बसला. शेवटी म्हणाला, "त्याचं बरोबर आहे, आजी."

"चिमणे, माश्या तुझ्या. तू सांग."

चिमणी म्हणाली, "आधी बुटका लावून बघू. पोळं तुटलं तर उंच."

सगळे एका बाजूला नि मी एकटी दुसऱ्या. कट शिजतोय की काय, असं वाटलं. पण परवाचीच चूक ताजी होती, म्हणून मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात हे फारसं घडलेलं नाही, तेव्हा हेही लिहून ठेव.

१३ मार्च

चारही चाकं बसली! आधी पुढची दोन लावायला लावली मी, नंतर मागची. लाल ब्रेक आणि रिम यांच्यामधून माझं बोट आरामात गेलं. दोन्हीकडून घालून बघितलं. टायरमामा म्हणाला, "आजी, आता पुरे, बोट तिथेच ठेवणार का?" मग चारही टायरांचे आकडे चाचपले. काठी, कोयता. काठी, कोयता. एकातही गोगलगाय नाही.

गाडी केवढी खाली आली! आता ती घोडा नाही, चांगली गुबगुबीत शेळी दिसते. हिरोचा एक मित्र जाता जाता ओरडला, "काय रे, गाडी बसली का?" मला वाटलं हिरो चिडणार. तो ओरडला, "हो, चांगली मांडी घालून बसली!" आणि हसला. आमच्या घराण्यावर गेला शेवटी.

मग चिमणीने दोन चौकटी घेतल्या, मधाने भरलेल्या, पांढरी कोवळी पोळी. पेटीत घालून गाडीत ठेवल्या, आणि हिरोने त्या खडीच्या रस्त्यावरून, जिथे पहिल्यांदा वाट लागली होती, तिथूनच फिरवून आणल्या. मी फाटकात उभी. गाडी आली, चिमणीने झाकण उघडलं, चौकट उचलली, उजेडासमोर धरली. एक कोपरासुद्धा तुटला नव्हता. ती मला बिलगली ती सोडेना. मी म्हटलं, "अगं, मी पोळं आहे का? तुटेन मी."

मान्य करते, बुटकाही मऊ आहे.

१५ मार्च

फुलं उमलली! काल संध्याकाळी बाईचा निरोप आला आणि घरात एकच धांदल. माश्या आत परतल्यावर चिमणीने पेट्यांच्या तोंडांना जाळ्या लावल्या, पट्ट्यांनी आवळल्या. आज उजाडता उजाडता सगळ्या पेट्या गाडीत. मी फाटकाशी, निरोप द्यायला. पदराला हात पुसत.

हिरो उतरला. फिरून ह्या बाजूला आला आणि दार उघडून धरलं.

"चल, आजी."

"कुठे?"

"बागेत. वाटेत पेट्या कोण ऐकणार?"

"मला उचलायचं नाही हं, सांगून ठेवते."

"कोण उचलतंय?"

मी बघितलं. दाराखाली पायरी आहे ती आता इतकी खाली आलेली! एक पाय ठेवला. गुडघा काही बोलला नाही. दुसरा ठेवला. बसले की मी आत! राणीसारखी. सुनेने खिडकीतून शाल दिली. माझ्या मांडीवर चिमणीने एक छोटी पेटी ठेवली, ज्या माश्यांची राणी मेली होती त्यांची, आता नवी राणी दिलेली.

काय सांगू तो रस्ता! इतक्या वर्षांत मी डोंगराच्या त्या बाजूला गेले नव्हते. तिच्या आजोबांबरोबर जायचे, तेव्हा गाडा होता. हिरो खड्डा आला की सांगायचा, "आजी, धर," आणि धरेपर्यंत खड्डा मागे गेलेला, नुसतं पोटात गुदगुल्या झाल्यासारखं. मी पेटीला कान लावून बसले होते. सुरुवातीला भीतीचा आवाज, मग हळूहळू खाली, खाली, आणि वळणावर एकदम गुणगुणायला लागली. मी हिरोला म्हटलं, "गाडी थांबव." तो घाबरला. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. ऐक." त्याने कान लावला. चिमणीनेही. तिघं रस्त्याच्या कडेला एका पेटीवर वाकलेलो. मागून येणाऱ्याला वाटलं असेल आतून काही सांगतंय कुणी. सांगतच होतं.

बागेत पोचलो तर सगळी बाग पांढरी नि गुलाबी. बागवाल्या बाईने स्वतः झाकणं उघडली. एक, दुसरी, तिसरी. पोळी जिथल्या तिथे. चौथी उघडायच्या आत म्हणाली, "पुरे. सगळ्या बागेत मांडा. पुढच्या वर्षीही तुम्हीच या." चिमणीने मान हलवली. आता मात्र रडली. मी म्हटलं, जाळ्या काढ आधी, नंतर रड. जाळ्या काढल्या आणि माश्या अशा सुटल्या, अशा सुटल्या की झाडंच गुणगुणायला लागली.

परत येताना हिरोला म्हटलं, "बघ, नशीब असतं एकेकाचं. पेट्या चढवायला म्हणून तू बुटकी चाकं घेतलीस, आणि पायरी नेमकी माझ्या स्टुलाएवढी निघाली. चार बोटं इकडे नाही की तिकडे नाही."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "हो ना, आजी. नशीबच."

चिमणे, पेन का थांबलं? शाई संपली का? डोळे पूस, कागदावर पडेल. आणि एक लिही, ठळक लिही: स्टूल अजून हिरोच्या खोलीत पडलंय, ते जागेवर आणून ठेव म्हणावं. त्याला आता ते कशाला लागतंय, देव जाणे.